एक शब्द, चार चिठ्ठ्या

दिवाळीची आवराआवर निघाली की आमच्या घरी दरवर्षी एक वाद ठरलेला असतो. तो म्हणजे जुन्या फोटोंचा. यंदा माळ्यावरच्या पेटीतून एक फोटो निघाला. आत्याच्या लग्नातला, पण त्यात नवरानवरी नाहीत. नाशिकच्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर आजी बसली आहे आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाचा मी आहे. सौ.चे म्हणणे, हा लग्नाच्या आल्बमात जावा. माझे म्हणणे, आजीच्या फोटोंत जावा. धाकट्या भावाचा फोनवरून आग्रह, की ते घर आता पाडले, तेव्हा घराचा वेगळा आल्बम करावा आणि त्यात हा पहिला लावावा. तिघांचेही बरोबर, पण फोटो एक, आणि त्याला बसायला जागाही एकच!

शेवटी कन्येने निवाडा दिला. "बाबा, मूळ फोटो कुठंही ठेवा. आपण त्याची प्रत संगणकात घेऊ आणि तिला चार चिठ्ठ्या लावू. आजी, नाशिकचं घर, आत्याचं लग्न, बाबा लहान असताना. मग ज्याला ज्या वाटेनं यायचं त्यानं त्या वाटेनं यावं."

या चिठ्ठ्यांना इंग्रजीत टॅग म्हणतात. कन्येचा निवाडा सर्वांनी मान्य केला आणि फराळाच्या डब्याकडे मोर्चा वळवला. मी मात्र जरा गप्प होतो. चिठ्ठी लावणे हे वरवर वाटते तितके निरुपद्रवी काम नाही, हा धडा गेल्या दोन वर्षांत मी माझ्याच विद्यार्थ्यांकडून शिकलो आहे. तो वाचकांना सांगावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आजीच्या शब्दांची वही

मी पुण्यातील एका कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्या वर्गात निम्मी मुले पुण्याची, तर निम्मी बाहेरगावाहून येऊन वसतिगृहात राहणारी. दोन वर्षांपूर्वी आम्ही असे ठरवले, की प्रत्येकाने आपल्या घरी आजीआजोबांच्या तोंडी असलेले, पण पाठ्यपुस्तकात न भेटणारे शब्द टिपून आणायचे. कागदी वह्या केल्या असत्या तर त्या वर्षअखेर कपाटात गेल्या असत्या. म्हणून संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने आम्हाला एक विकी उभारून दिली.

विकी म्हणजे सर्वांची मिळून एक वही. तिच्यात कोणीही पान घालावे, दुसऱ्याच्या पानात भर टाकावी, चूक दिसली तर सुधारावी. आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद वहीनेच ठेवावी. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ साली अशी पहिली वही संगणकाच्या जाळ्यावर उघडली. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसला 'विकी विकी' असे नाव होते. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. ते नाव त्यांना आवडले आणि त्यांनी ते उचलले. पुढे २००१ मध्ये विकिपीडिया आला, आणि २००३ च्या मे महिन्यात मराठी विकिपीडियाही सुरू झाला.

वहीत पन्नास पाने असतात तोवर सारे ठीक चालते. पाचशे झाली की पान सापडेनासे होते. कनिंगहॅम यांच्या वहीत लोकांनी यावर एक साधी तोड काढली होती. पानाच्या तळाशी त्याचा प्रकार सांगणारा एक शब्द लिहायचा. त्या शब्दावर बोट ठेवले की तो शब्द ज्या ज्या पानावर असेल ती सारी पाने समोर यायची. विकिपीडियात २००४ पासून याचीच अधिक पक्की सोय झाली. मराठी विकिपीडियाने तिला 'वर्ग' असे नाव दिले आहे. पानाच्या तळाशी दुहेरी चौकटी कंसात 'वर्ग', मग दोन टिंबे आणि पुढे वर्गाचे नाव लिहायचे. तेवढ्याने ते पान त्या वर्गाच्या यादीत आपोआप जाऊन बसते. एका पानाला असे कितीही वर्ग चालतात. आमची मुले त्याला चिठ्ठीच म्हणू लागली, आणि मीही इथे तोच शब्द वापरतो.

उदाहरणार्थ, आमच्याकडचे 'मोट' हे पान घ्या. त्याला 'शेती' ही चिठ्ठी आहे, 'पाणी' ही आहे, 'चामड्याच्या वस्तू' ही आहे आणि 'सातारा' हीही आहे. कपाटात ठेवायची झाली तर मोट एकाच खणात जाईल. वहीत ती चारही खणांत एकाच वेळी असते, आणि तरी पान एकच राहते.

पहिल्या महिन्याची त्रेधा

हे ऐकायला सोपे वाटते. आम्हालाही वाटले. महिन्याभरात पाहतो तो, 'स्वयंपाक', 'स्वैपाक', 'स्वयंपाकघर' आणि 'किचन' अशा चार चिठ्ठ्या तयार! माणसाला त्या चारही एकच वाटतात. यंत्राला ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तरी तो वेगळा शब्द वाटतो. उलथणे एका यादीत, सांडशी दुसऱ्या, आणि पाटावरवंटा तिसऱ्याच यादीत जाऊन बसला होता.

दुसरी गंमत सांबाराची. नागपूरच्या एका मुलाने 'सांबार' असे पान लिहिले. मुंबईच्या मुलीने ते न वाचताच त्याला 'दाक्षिणात्य पदार्थ' अशी चिठ्ठी लावली. नागपूरकर रागावला. कारण विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर! तिथली सांबारवडी ही कोथिंबिरीची असते, तिचा इडलीशी काही संबंध नाही. शेवटी दोन पाने केली: एक 'सांबार (कोथिंबीर)' आणि दुसरे 'सांबार (आमटी)'. याच्या उलट तऱ्हा शेतीच्या अवजारांची. साताऱ्याकडच्या मुलाने 'कुळव' लिहिला, अकोल्याच्या मुलाने 'वखर'. दोघांनी वर्णन केलेले काम एकच, जमीन भुसभुशीत करून तण काढण्याचे. दोन्ही पाने ठेवली, पण त्यांना एक समान चिठ्ठी लावल्यावर दोन मुलुखांतली भावंडे प्रथमच शेजारी आली.

आणि 'संकीर्ण' ही चिठ्ठी! प्रत्येक घरात एक खण असा असतो, की ज्यात दोरा, जुनी किल्ली, मेणबत्ती आणि विजेचे बिल एकत्र नांदतात. आमच्या वहीत 'संकीर्ण'खाली ऐंशीच्या वर पाने जमली होती. ज्या यादीत काहीही सापडू शकते, तिच्यात कोणी काही शोधायला जात नाही.

तेव्हा आम्ही बसून काही नियम केले. नवी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी असलेल्यांची यादी पाहायची. प्रत्येक चिठ्ठीलाही स्वतःचे पान असते. त्यावर तिचा अर्थ एका ओळीत लिहायचा. तो लिहिला नसेल तर चिठ्ठीचे नाव लाल अक्षरांत दिसते, लिहिला की निळे होते. आणि प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारायचे: तो कुठला, कोणत्या कामातला, आणि कोणाच्या तोंडचा?

ग्रंथपालांचे कोडे

हे तीन प्रश्न मी स्वतः शोधून काढले असे मला वाटत होते. आमच्या ग्रंथपालांनी माझा तो भ्रम घालवला. त्या म्हणाल्या, "सर, हे तर रंगनाथनांचे!"

ग्रंथालयांपुढे हे कोडे जुनेच आहे. पुस्तक फळीवर एकाच जागी राहते. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सर्व ज्ञानाचे दहा भाग केले, प्रत्येकाचे पुन्हा दहा, आणि पुस्तकांना त्यानुसार आकडे दिले. पद्धत इतकी सोयीची, की जगभर ती पसरली. पण त्या आकड्यांत ड्यूईचे गाव आणि ड्यूईचा काळही उतरला आहे. धर्म या विषयाला त्याने २०० ते २९९ हे आकडे दिले. त्यांपैकी २२० पासून २८९ पर्यंतची जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांना, आणि जगातल्या उरलेल्या सर्व धर्मांना मिळून २९० च्या घरात दाटीवाटीने बसवले. त्यात त्याचा दुष्ट हेतू असेल असे मला वाटत नाही. त्याच्या खिडकीतून जग जसे दिसले, तसे त्याने खण पाडले.

शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासला गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या आणि त्याच स्क्रूंतून कधी गाडी होते, तर कधी पूल. विषयांचेही असेच का करू नये, असे त्यांच्या मनात आले. तयार खण देण्याऐवजी त्यांनी विषयाचे सुटे भाग दिले, आणि ते दोन टिंबांनी जोडायची युक्ती काढली. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. कोणत्याही विषयाला पाच अंगांनी तपासावे, असे त्यांनी पुढे मांडले. त्यांत स्थळ आणि काळ ही दोन अंगे आहेत. आमच्या चिठ्ठ्या त्याच घराण्यातल्या.

ड्यूईच्या त्या दाटीवाटीची गोष्ट ऐकून मी हसलो होतो. आपणही एक खण असाच पाडून ठेवला आहे, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नव्हते.

माझी चिठ्ठी

मुलांची पाने तपासताना मी एक चिठ्ठी स्वतः सुरू केली होती. तिचे नाव 'अशुद्ध रूपे'. 'व्हतं', 'म्होरं', 'हितं', 'लोनी', 'न्हानी' असे काही दिसले, की पानाच्या तळाशी ती लावायची. बावीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या हाताला सवय असते. एकेका पानाला अर्धे मिनिटसुद्धा लागत नव्हते.

माण तालुक्यातून आलेली एक मुलगी वहीत सर्वांत जास्त लिहीत असे. आजीची प्रत्येक गोष्ट ती टिपून आणी. 'कोरड्यास' म्हणजे कोरडे काही नसून भाकरीबरोबरचे कालवण, हे तिनेच आम्हाला सांगितले. 'जित्राब' हा शब्द लिहिताना तर तिने गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचे नाव दिले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र तिची पाने येईनाशी झाली. एके दिवशी तास संपल्यावर मी तिला थांबवले.

"काय गं, तुझी आजी बोलायची थांबली की काय?"

"नाही सर, आजी बोलतीय की. मी लिहून ठेवते. माझ्या वहीत."

"मग विकीवर का नाही?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सुट्टीत मी आजीला मोबाइलवर दाखवलं होतं, सर. तिचे शब्द, खाली माझं गाव. तिला वाचता येत नाही. पण ती म्हणाली, हितं खाली निळ्या अक्षरात काय लिवलंय? मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, काही नाही, कॉलेजचं नाव आहे."

मी तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काहीतरी शास्त्रीय बोललो असेन. घरी आल्यावर मात्र मी वही उघडली आणि 'अशुद्ध रूपे' या माझ्याच चिठ्ठीवर बोट ठेवले. एकेक पान तपासताना ती यादी मी कधी एकत्र पाहिलीच नव्हती. अकारविल्हे लावलेले त्रेसष्ट शब्द समोर आले. कोणी लिहिले ते पाहत गेलो. एकूण एक वसतिगृहातल्या मुलांचे! पुण्यातल्या घरांतून आलेला त्यात एकही नव्हता.

पुण्याच्या मुलांनी प्रमाण भाषेबाहेरचे काही लिहिलेच नव्हते काय? पुन्हा शोधले. 'आलीये', 'जमलंय', 'बसलाय' अशी पाने होती की! 'आली आहे'चे 'आलीये' होते, तसेच 'होतं'चे 'व्हतं' होते. दोन्ही बोलण्यातली रूपे, आणि निबंधात दोन्ही चालत नाहीत. पण 'आलीये'ला मी 'बोलण्यातील रूप' अशी चिठ्ठी लावली होती आणि 'व्हतं'ला 'अशुद्ध' अशी. हात एकच, पेन एकच, आणि दिवसही बहुधा एकच.

त्या रात्री मला अमरकोश आठवला. आपण ज्याला आज वर्ग म्हणतो तो शब्द तिथे पानोपानी आहे. अमरसिंहाने संस्कृत शब्द अकारविल्हे न लावता वर्गांत लावले: स्वर्गवर्ग, वनौषधिवर्ग, वगैरे. त्याच्या दुसऱ्या कांडात ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग आणि शूद्रवर्ग असे चार वर्ग येतात. नांगराचे शब्द वैश्यवर्गात आहेत. कुंभार, सुतार, विणकर हे शूद्रवर्गात आहेत. हे मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी शिकवले आहे, आणि शब्दांच्या मांडणीत समाजाची उतरंड कशी उतरते ते फळ्यावर आकृती काढून दाखवले आहे!

चर्चा आणि दुरुस्ती

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ती यादी पडद्यावर लावली आणि जे दिसले ते सांगितले. त्या मुलीचे नाव अर्थातच घेतले नाही. पुण्याच्या एका मुलाने रास्त शंका काढली. "सर, परीक्षेत कुणी 'व्हतं' लिहिलं तर तुम्ही मार्क कापणारच ना? मग इथं अशुद्ध म्हटलं तर काय बिघडलं?"

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. १९६२ साली शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम आहेत, ते लिहिण्याचे नियम आहेत, आणि उत्तरपत्रिकेत मी ते आजही पाळायला लावतो. पण आमची ही वही म्हणजे उत्तरपत्रिका नव्हती. कोण, कुठे, काय बोलते याची ती नोंद होती. ज्या आजीने आयुष्यात निबंध लिहिला नाही, तिला निबंधाचे नियम लावून नापास करण्यात अर्थ काय? शिवाय, त्या चिठ्ठीने शोधणाऱ्याला कोणतीच मदत होत नव्हती. 'माण तालुका' या चिठ्ठीवरून कोणी त्या मुलखातले शब्द शोधील, 'दूधदुभते'वरून 'लोनी' सापडेल. 'अशुद्ध'वरून मी सोडून कोण काय शोधणार होते?

मग वर्गाने ठरवले, की चिठ्ठीने वर्णन करावे, निकाल देऊ नये. प्रमाण रूपाची माहिती वाया जाऊ नये म्हणून ते पानाच्या मजकुरातच द्यावे: 'लोनी, प्रमाण रूप लोणी'. 'व्हतं' आणि 'आलीये' या दोघांनाही 'बोलण्यातील रूपे' ही एकच चिठ्ठी लावावी.

विकीत चिठ्ठीचे नाव एका जागी बदलले म्हणून सर्व पानांवर बदलत नाही; पान उघडून तळाची ओळ हाताने दुरुस्त करावी लागते. त्रेसष्ट पाने मीच केली. मुले मदतीला येत होती, पण लावताना मी एकटा होतो, तेव्हा काढतानाही एकट्याने बसावे असे वाटले. लावताना अर्धे मिनिट लागले होते. काढताना प्रत्येक पान नीट वाचले, त्यामुळे दोन संध्याकाळी गेल्या. वहीच्या 'इतिहास' या कप्प्यात मात्र माझे जुने काम तसेच आहे. अमुक तारखेला, अमुक वाजता, या सरांनी आजीच्या शब्दाला अशुद्ध म्हटले, हे कोणीही उघडून पाहावे. ते पुसण्याची सोय विकीत सामान्य सदस्याला नसते, आणि तेही बरेच आहे.

ज्या वाचकांना घरी असे काही करायचे असेल, फोटोंचे, पाककृतींचे किंवा वडिलांच्या पत्रांचे, त्यांना अनुभवाने चार गोष्टी सांगतो. चिठ्ठ्या थोड्या ठेवा. एका पानाला तीन ते पाच पुरेत. नावे आणि त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ आधी सर्वांनी मिळून ठरवा. जी चिठ्ठी एकाच पानाला लागते ती, आणि जी सगळ्यांना लागते तीही, फारशी उपयोगाची नसते. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत म्हणा ना, एकेका चिठ्ठीखालची पूर्ण यादी उघडून वाचा. पानांबद्दल कळेल ते कळेलच. ती लावणाऱ्याबद्दलही थोडे कळेल.

पंधरा दिवसांनी त्या मुलीचे नवे पान आले. शब्द होता 'इर्जिक'. आजीच्या तोंडून तिने सगळे लिहून घेतले होते. एखाद्याचे शेत नांगरायचे राहिले, की गावातले शेतकरी आपापली औते आणि बैल घेऊन येत, एका दिवसात त्याचे रान नांगरून देत. मजुरी कोणी घेत नसे, ज्याचे शेत तो सर्वांना जेवू घाली. पान वाचून पुण्याच्या मुलाने खाली विचारले होते, की जेवायला काय असायचे? त्याचे उत्तर आजीकडून मागवून तेही घातले गेले.

त्या पानाला मुलीने स्वतः चार चिठ्ठ्या लावल्या आहेत: 'शेती', 'माण तालुका', 'एकमेकांची कामे', 'आजी'. मला तिथे पाचवी चिठ्ठी लावण्याचा फार मोह झाला होता: 'विकी'. पण नियम म्हणजे नियम. आधी चर्चेच्या पानावर विचारले आहे. उत्तराची वाट पाहतो आहे.